‘मोटर चालू’ म्हणजे नक्की काय चालू?

आटपाडी तालुक्यात बिनतारी उपकरणे रानात उतरली ती हौसेने नव्हे, गरजेने. विहीर एका शिवारात, शेततळे दुसरीकडे, डाळिंबाची बाग माळाच्या पलीकडे आणि वस्ती ओढ्याच्या अलीकडे, अशी इथल्या कितीतरी जणांच्या रानाची मांडणी असते. शेतीच्या थ्री फेज लाइटीची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्यातच खानापूर-आटपाडी पट्ट्यातली अनेक कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यामुळे देशभर पसरलेली आहेत; जमीन इथे आणि जमिनीचा मालक हजार किलोमीटरवरच्या बाजारपेठेत. अशा मुलखात मोबाइल स्टार्टर आणि बिनतारी व्हॉल्व्ह खपले नसते तरच नवल. ही उपकरणे बसवण्याच्या आणि त्याहून जास्त ती दुरुस्त करण्याच्या कामातून माझे एक मत पक्के होत गेले आहे. दुकानात आणि जाहिरातीत सगळा भर हुकूम किती लांब जातो यावर असतो. ‘कुठूनही मोटर चालू करा’ हे वाक्य खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते. पण हुकूम पाठवणे हा या तंत्रातला सोपा भाग आहे, आणि तो सुटून बरीच वर्षे झाली. अवघड भाग आहे उत्तराचा: केलेले काम झाले की नाही हे परत कळवणारे उत्तर, आणि ते उत्तर नेमके कोणत्या जागेवरून निघते हा प्रश्न. माझ्या मते बिनतारी यंत्रणेची लायकी यावरच ठरवावी. पल्ला, अ‍ॅप आणि रंगीत पडदा नंतर.

उत्तराची गरजच नसते तेव्हा बिनतारी तंत्र किती साधे राहू शकते, याचा दाखला प्रत्येक घरात आहे. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो. त्यातून साधारण ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर बऱ्याचदा जांभळट लुकलुकताना दिसतो. हा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा उघडझाप करत असतो, कारण ऊन आणि खोलीतले दिवे यांचाही अवरक्त प्रकाश असतो आणि त्या गर्दीत आपला संदेश वेगळा ओळखू यावा लागतो. पुष्कळ रिमोट ज्या एनईसी पद्धतीने चालतात, तिच्यात एक गमतीची गोष्ट आहे. बटणाचा आकडा पाठवला की लगेच तोच आकडा उलटा करून, म्हणजे शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य घालून, पुन्हा पाठवला जातो. दोन्हींचा मेळ बसला नाही तर टीव्ही तो हुकूम सोडून देतो. रिमोटला तोंड आहे, कान नाहीत. पलीकडे काय ऐकू गेले हे त्याला कधीच कळणार नाही, म्हणून शोधकर्त्यांनी बोलण्यातच पडताळा घातला. आणि तेवढ्यावर भागते, कारण समोर बसलेला माणूस पडद्याकडे बघतच असतो. आवाज वाढला नाही तर तो पुन्हा बटण दाबतो. उत्तर माणसाच्या डोळ्यांतून येते, फुकटात.

त्याआधीचा एक शोध पाहिला तर हे आणखी स्पष्ट होते. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीत युजीन पॉली यांनी १९५५ साली प्रकाशाच्या झोताने चालणारा रिमोट केला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशग्राही बसवले होते आणि हातातल्या पिस्तुलासारख्या दिव्याने त्यावर नेम धरायचा. खिडकीतून ऊन आत आले की टीव्ही आपोआप चॅनेल बदलायचा. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी प्रकाश सोडून कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजावर चालणारा रिमोट आणला. आटपाडीच्या एप्रिलमधल्या उन्हात पॉलींचे यंत्र उघड्यावर ठेवले असते तर काय झाले असते, याची कल्पना करायला फार डोके लागत नाही. या गोष्टीतला मुद्दा असा, की चॅनेल चुकून बदलले तरी तिथे कुणाचे नुकसान झाले नाही, कारण समोर माणूस होता. तोच प्रकार दोन किलोमीटरवरच्या व्हॉल्व्हचा झाला तर तो चुकीने उघडल्याचे कळेपर्यंत रात्र गेलेली असते.

अवरक्त किरणांना उत्तर देता येत नाही, असे मात्र नाही. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इन्फ्रारेड डेटा असोसिएशनने दोन उपकरणांनी समोरासमोर कसे बोलायचे याचे नियम घालून दिले. अंतर एक मीटरचे, कोन अरुंद. दोन उपकरणे आधी सेकंदाला ९,६०० बिटांच्या सावकाश वेगाने एकमेकांना ओळखतात, दोघांना झेपेल असा वेग ठरवतात आणि मग आळीपाळीने बोलतात; एकाने पाठवलेला तुकडा मिळाला की दुसरा तसे कळवतो, नाही मिळाला तर तो पुन्हा मागतो. दोन फोन टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवून रिंगटोन पाठवणारी पिढी आता चाळिशीत आहे. फोन जरासा हलला की पाठवणे थांबायचे आणि तसे पडद्यावर दिसायचेही. पुढे ब्लूटूथने ही सोय मागे टाकली, कारण नेम धरण्याची कटकट कुणालाच नको होती. तरीही अवरक्त किरण भिंतीपलीकडे जात नाहीत ही उणीव मी नेहमी गुण म्हणूनच मोजतो. झाकण सीलबंद असलेल्या सौर दिव्याच्या कंट्रोलरची वेळ हातातल्या छोट्या रिमोटने बसवायची असेल, तर शेजारच्या दिव्याने ते ऐकू नये हेच बरे असते. विजेच्या मीटरच्या तोंडावर चुंबकाने चिकटवायचा जो प्रकाशाचा पोर्ट असतो, तोही याच कारणाने टिकून आहे: जो मीटरसमोर उभा आहे त्यालाच वाचता येते, आणि ज्याने विचारले त्यालाच उत्तर मिळते.

आता रेडिओकडे वळू, कारण रानातली खरी कामे त्यावरच चालतात. रेडिओवर उत्तराची शिस्त बसवण्याचे मोठे श्रेय हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. बेटाबेटांवर विखुरलेली टर्मिनले होनोलुलूतल्या मोठ्या संगणकाला जोडायची होती आणि समुद्रातून तारा ओढणे परवडणारे नव्हते. जून १९७१ मध्ये त्यांचे अलोहा जाळे सुरू झाले. सगळ्या टर्मिनलांना बोलायला एकच वाहिनी. ज्याला काही पाठवायचे त्याने कुणालाही न विचारता पाठवावे. ते नीट पोहोचले तर मुख्य केंद्र पोच देईल. ठरलेल्या वेळात पोच आली नाही तर टक्कर झाली असे समजून काही वेळ थांबावे आणि पुन्हा पाठवावे. त्यातला बारकावा त्या थांबण्यात आहे. प्रत्येकाने थांबण्याचा वेळ चिठ्ठी काढल्यासारखा आपापला निवडायचा, नाहीतर टक्कर झालेले दोघे एकाच क्षणी पुन्हा बोलतील आणि पुन्हा आदळतील. या पद्धतीत वाहिनीचा जेमतेम १८ टक्के वेळ कामी लागतो, बाकीचा वाया जातो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. तरीही ती टिकली. रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटसाठी तिचाच धागा पुढे नेला. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की लहरी, अँटेना, शक्तिमान प्रक्षेपक हे सारे आधीपासून होते. नवी होती ती पोच, आणि पोच न मिळाल्यावर वागायची रीत.

ही रीत नसली की काय होते, हे आपल्याकडच्या डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, दिसते. लाइट आली की आपोआप मोटर चालू करणारा ऑटो स्विच अनेकांच्या स्टार्टरला लावलेला असतो. त्याला कुणाचा हुकूम लागत नाही आणि तो कुणाला उत्तर देत नाही. लाइट येते त्या क्षणी एका डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकदम उठतात. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट ओढते. फ्यूज उडतो किंवा ट्रान्सफॉर्मरच जातो. मग नवीन डीपी येईपर्यंत सगळ्यांचीच बाग कोरडी. ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, अशी विनंती महावितरण दरवर्षी करत असते आणि दरवर्षी ती तशीच हवेत विरते. कारण प्रत्येकाला भीती असते, की मी थांबलो तर माझा नंबर लागायच्या आत लाइट जाईल. वास्तविक स्टार्टरमध्ये दोन-पाच मिनिटांचा वेगवेगळा उशीर घातला तर निम्मी भांडणे मिटतील. अब्रॅमसन यांनी बेटांसाठी जे केले ते डीपीवरही लागू पडते, आणि त्याला रेडिओसुद्धा लागत नाही.

हुकमासोबत उत्तर हवे, हे महाराष्ट्रात शेतीपंपाच्या बाबतीत ज्यांनी लवकर ओळखले त्यांत पुण्याचे संतोष ओस्तवाल यांचे नाव घ्यावे लागते. आजोबांना रात्री-अपरात्री पंप चालू करायला रानात चालत जावे लागे, ही बोच त्यांच्या कामामागे होती. त्यांच्या ‘नॅनो गणेश’ला २००९ मध्ये नोकियाच्या नवसंशोधकांच्या स्पर्धेत उदयोन्मुख बाजारपेठांच्या गटाचे बक्षीस मिळाले. स्टार्टरला एक साधा मोबाइल जोडायचा. शेतकऱ्याने त्याला फोन लावायचा. पलीकडून येणाऱ्या सुरावरून लाइट आहे की नाही, मोटर चालू आहे की बंद, हे कळायचे. मग आकड्यांची बटणे दाबून मोटर चालू किंवा बंद करायची. या रचनेतला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे तो सूर. अक्षरे वाचता न येणाऱ्या माणसालाही तो कळतो आणि स्मार्टफोन नसला तरी अडत नाही. हुकूम देण्याआधीच परिस्थिती कानावर पडते. आज बाजारात मिळणारे कितीतरी मोबाइल स्टार्टर दिसायला पुढे गेलेले आहेत, पण हा साधा क्रम, म्हणजे आधी विचारणे, मग सांगणे आणि मग खात्री करणे, त्यांनी अर्धवटच उचलला आहे.

अर्धवट म्हणतो, कारण उत्तर आले एवढ्यावर भागत नाही. स्टार्टरकडून मोबाइलवर ‘मोटर चालू’ असा मेसेज येतो तेव्हा त्यामागे किमान पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. सगळ्यात स्वस्त उपकरणात त्याचा अर्थ एवढाच, की आतल्या छोट्या रिलेला चालू व्हायचा हुकूम दिला गेला. जरा बऱ्या उपकरणात कॉन्टॅक्टर खरोखर खाली बसला का हे त्याच्या जादा संपर्कावरून तपासले जाते. त्याहून बरे उपकरण तिन्ही फेजच्या तारांवर कॉइल लावून करंट मोजते. एखादा फेज गेला असेल तर मोटर जळण्याआधी बंद करते, आणि बोअर आटून मोटर कोरडी फिरत असेल तर अँपिअर घसरलेले पाहून तेही ओळखते. आपल्याकडच्या खोल बोअरांना हे संरक्षण फार कामाचे आहे, कारण मोटर वर काढणे, वाइंडिंग करून आणणे आणि पुन्हा सोडणे यात पैसा तर जातोच, ऐन बहारातले दिवसही जातात. पण इथवर आलेले उत्तरसुद्धा विजेचेच आहे. विहिरीपासून थोड्या अंतरावर पाइपलाइन फुटली, तर अँपिअर कमी होत नाहीत. उलट पुढचा दाब गेल्यामुळे मोटर जास्त पाणी फेकते आणि करंट थोडा वाढतोच. मेसेज म्हणतो ‘मोटर चालू, तिन्ही फेज व्यवस्थित’. पाणी ओढ्याला. म्हणजे चौथी पायरी पाण्याची झाली: लाइनच्या शेवटी दाब आहे का, वॉटर मीटरचा काटा फिरतो आहे का. आणि पाचवी मुळाशी: ठिबकच्या सबमेनवरून निघणाऱ्या शेवटच्या लॅटरल नळीला, झाडाच्या बुडाशी ओल पोहोचली का.

या पायऱ्यांतला फरक डाळिंबाच्या बागेत किती महागात पडतो, हे डाळिंब लावणाऱ्याला सांगावे लागत नाही. बहार धरताना बाग ताणावर सोडतात. पाणी तोडून झाडाला विश्रांती देतात, पानगळ होते, आणि मग पहिले पाणी हलके देऊन फुटवा घेतात. या ताणाच्या दिवसांत एखादा व्हॉल्व्ह चुकून रात्रभर उघडा राहिला, तर त्या प्लॉटचा ताण तुटतो आणि फुलोरा मागे-पुढे होतो. पुढे फळ फुगत असताना उलटे: पाणी कधी कमी कधी जास्त झाले की फळ तडकते आणि तडकलेल्या फळाला व्यापारी हात लावत नाही. म्हणून व्हॉल्व्ह ‘बंद’ आहे हे उत्तर ‘चालू’ इतकेच मोलाचे असते, आणि इथेच बिनतारी व्हॉल्व्हची एक मूलभूत अडचण समोर येते. बॅटरीवर चालणाऱ्या व्हॉल्व्हवर जो सोलेनॉइड असतो, तो सतत वीज खात नाही. एका कॅपॅसिटरमध्ये साठवलेला काही मिलिसेकंदांचा झटका दिला की आतला लोखंडी दांडा वर उचलला जातो आणि स्थायी चुंबक त्याला तिथेच धरून ठेवतो. उलट दिशेचा झटका दिला की तो खाली पडतो. दांडा वर गेला की पडद्यावरचे पाणी एका बारीक भोकातून निसटते आणि लाइनच्या दाबाने रबरी पडदा उचलला जाऊन व्हॉल्व्ह उघडतो. बॅटरी वाचवण्यासाठी ही रचना अतिशय हुशारीची आहे. तिचा दोष असा, की झटका दिल्यानंतर दांडा कुठे आहे हे कंट्रोलरला कळायला काही साधनच नाही. बॅटरी उतरल्यामुळे झटका कमी पडला, किंवा शेततळ्यातून आलेला वाळूचा एक कण त्या बारीक भोकात अडकला, तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो. कंट्रोलर मात्र त्याच्या वहीत ‘बंद’ लिहून मोकळा होतो आणि तेच आपल्या फोनवर येते. तो खोटे बोलत नसतो. आपण काय केले तेवढे सांगत असतो, आणि आपण ते ‘काय झाले’ म्हणून वाचतो.

यावर उपाय अवघड नाही. व्हॉल्व्हच्या पुढे, सबमेनच्या बाजूला, एक साधा दाबाचा स्विच किंवा सेन्सर बसवायचा आणि ‘बंद’ हा शब्द त्याच्या साक्षीवरच फोनवर जाऊ द्यायचा. पण तो बसवलेला क्वचितच दिसतो, आणि त्यामागे फक्त कंजुषी नाही. काही आक्षेप खरोखर विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप बॅटरीचा आणि हवेतल्या गर्दीचा. आज रानात लांबवर जायला जे लोरा तंत्र वापरतात, ते फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या सायक्लिओ या छोट्या कंपनीत जन्मले. २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरायला खुला आहे, आणि मोकळ्या माळावर या तंत्राचा संदेश काही किलोमीटर सहज जातो. मात्र त्याच्या सर्वांत काटकसरी प्रकारात उपकरण जवळपास सारा वेळ झोपलेले असते. ते स्वतः काही बोलले, की त्यानंतर एका आणि दोन सेकंदांनी क्षणभर कान उघडते आणि पुन्हा झोपते. म्हणजे दर १५ मिनिटांनी बोलणाऱ्या व्हॉल्व्हला ‘बंद हो’ हे सांगायला १५ मिनिटे थांबावे लागू शकते. त्यातही संदेश दोन प्रकारचे: पोच मागणारे आणि न मागणारे. प्रत्येक संदेशाची पोच मागितली तर बॅटरी लवकर उतरते, आणि मधला गेटवे पोच पाठवत असताना दुसऱ्यांचे ऐकू शकत नाही. मूळ अलोहाचाच तोटा इथे पुन्हा भेटतो. त्यामुळे बहुतेक बनवणारे पोच न मागणारा प्रकार निवडतात आणि बॅटरी पाच वर्षे चालते असे छापतात. हा आक्षेप खरा आहे, पण त्याचा निष्कर्ष चुकतो. हवेतल्या ओलाव्याचा आकडा एखाद-दुसरा हरवला तर काही बिघडत नाही. पंधरा मिनिटांनी नवा येईल. व्हॉल्व्ह उघडण्याचा-मिटण्याचा हुकूम दिवसातून मोजका, आणि तो हरवला तर बहार जातो. पोच मागायची ती या मोजक्या संदेशांचीच मागावी. सगळ्याला एकच नियम लावणे सोयीचे असते ते कारखान्याला.

दुसरा आक्षेप असा, की जितके सेन्सर जास्त तितके बिघाड जास्त. इथल्या क्षारयुक्त पाण्यात वॉटर मीटरचा पंखा जाम होतो, दाबाच्या सेन्सरचे तोंड चोंदते, उंदीर वायर कुरतडतात, आणि मग खोटी सूचना येऊन माणूस रात्री उगाच रानात पळतो. दोन-तीनदा असे झाले की तो सूचना बघणेच सोडतो. यातले एकही वाक्य मी खोडणार नाही. पण उपाय सेन्सर काढून टाकण्यात नाही. दोन वेगळ्या जागांच्या साक्षी एकमेकींशी ताडून बघण्यात आहे. करंट म्हणतो मोटर पूर्ण भारावर आहे आणि दाब म्हणतो लाइनमध्ये काही नाही, तर एक तर पाइप फुटला किंवा सेन्सर चोंदला. दोन्ही बाबतीत माणसाने जाऊन बघायलाच हवे. न जुळणे हीच माहिती आहे. उलट एकटा सेन्सर, कितीही महागडा असला तरी, बिघडल्यावर आपण बिघडलो असे सांगत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो बोलताना लोक बहुधा उपकरणाची किंमतच धरतात. माझ्या कामात मला दिसते ते वेगळेच. स्टार्टर चांगला असतो आणि सिम मेलेले असते. त्या सिमवर कुणी बोलत नाही म्हणून रिचार्ज विसरतो, मुदत संपते, इनकमिंग बंद होते आणि ऐन उन्हाळ्यात फोन लागत नाही. बऱ्याच स्टार्टरमधले मोड्यूल अजून टूजीचे आहे आणि जिओकडे टूजी नाही. घरातले सगळे फोन जिओवर चालतात म्हणून तेच सिम आत घातले की उपकरण मुके होते आणि दोष मात्र स्टार्टरला लागतो. दरमहाचा हा खर्च धरला तर वस्तीपासून विहिरीपर्यंत स्वतःचा रेडिओ दुवा पुष्कळदा स्वस्त पडतो, कारण त्याला सिमच लागत नाही. गलाईच्या पेढीवर बसून परराज्यातून बाग सांभाळणाऱ्याला अर्थातच सिम टाळता येणार नाही; पण ते एकाच जागी, गेटवेवर, लागेल.

आणि वीज मोफत आहे तर एवढी मोजदाद कशाला, हाही प्रश्न आता निघतो. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना आहे, आणि त्याआधीही राज्यातल्या पंपांचा मोठा हिस्सा मीटरशिवाय, हॉर्सपॉवरवरच आकारला जात होता. गावातल्या घरांवर महावितरणने जवळून वाचायचे इन्फ्रारेड मीटर, मग रेडिओचे, आणि आता स्मार्ट मीटर आणले. शेतीपंपाने मात्र आपण किती ओढले हे बहुतेक वेळा कुणाला सांगितलेच नाही. पण आटपाडीत तुटवडा विजेपेक्षा पाण्याचा आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून ते या तालुक्यात आणायचे, यासाठी नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या. त्या चळवळीने मागितले ते नुसते पाणी नव्हते, समान वाटप मागितले होते. बंद पाइपमधून सगळ्यांना सारखे पाणी द्यायचे म्हटले, की शेवटच्या आउटलेटला किती पोहोचले हे मोजून सांगावेच लागते; पंपगृहातून किती सोडले हा आकडा तिथे उपयोगाचा नाही. स्टार्टर आणि पाणी यांच्यातला जो फरक एका बागेत दिसतो, तोच इथे तालुक्याच्या मापाने उभा राहतो. अशा मोजणीची एक बाजू जपायला हवी: हे आकडे कुणाच्या सर्व्हरवर जातात आणि शेतकऱ्याला स्वतःला ते दिसतात का. ज्याच्या रानातले उत्तर, ते त्याला आधी मिळाले पाहिजे. एखादी कंपनी बंद पडली म्हणून अ‍ॅप बंद आणि अ‍ॅप बंद म्हणून व्हॉल्व्ह मुका, अशी वेळ यायला नको.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. ज्यांची वस्ती बागेतच आहे, घरातले कुणी ना कुणी दिवसातून चारदा लाइनीवरून फिरते, त्यांनी बिनतारी व्हॉल्व्हवर पैसे घालू नयेत. ओल्या मातीवर पाय ठेवून दिलेले उत्तर कोणत्याही सेन्सरपेक्षा खात्रीचे असते. फेज गेल्यास मोटर बंद करणारा साधा स्टार्टर त्यांना पुरे. बाकीच्यांनी उपकरण घेताना पल्ला किती आणि अ‍ॅप कसे हे विचारण्याआधी दुकानदाराला एवढेच विचारावे: ‘चालू’ हा मेसेज नेमका कशावरून येतो, रिलेवरून, करंटवरून की पाण्याच्या दाबावरून? सिम कितीजीचे लागते? हुकूम हरवला तर उपकरण पुन्हा विचारते का, आणि व्हॉल्व्ह अडकला तर ते मला कसे कळेल? याची सरळ उत्तरे मिळाली तर घ्या. नाही मिळाली, तर तेवढ्याच पैशात चांगली केबल गाडून घ्या. ती जास्त वर्षे टिकेल.